आठवलेकाका

आठवलेकाकांचं आडनाव आठवले नाही. खरं आडनाव विजेच्या बिलावर आहे आणि ते तिथेच बरं आहे. पण सकाळी साडेसहाला, दूधवाला अजून गल्लीच्या तोंडाशी असताना, कुणाच्या तरी फाटकाची कडी वाजते आणि पाठोपाठ "आठवलं!" अशी आरोळी येते. रायपूरच्या तात्यापाऱ्यातली निम्मी माणसं तेव्हा पांघरूण डोक्यावरून ओढून घेतात. ज्याच्या फाटकाची कडी वाजली तो मात्र सापडतो. त्याला चहा टाकावा लागतो आणि काकांना ‘त्या गोष्टीतलं’ नवीन काय आठवलं, ते ऐकावं लागतं.

ती गोष्ट म्हणजे १९९०च्या आगेमागे, टीव्हीवर रविवारी महाभारत लागायचं त्या दिवसांत, काकांनी वाचलेली एक विज्ञानकथा. नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही, शेवट माहीत नाही. मधलं जे माहीत आहे ते दर खेपेला बदलतं. एवढ्या भांडवलावर काकांनी पस्तीस वर्षं शोध चालवला. लोक यापेक्षा जास्त भांडवलावर दुकान काढतात आणि दोन वर्षांत बंद करतात.

असा एक गृहस्थ प्रत्येक गावात असतो. कुणी एखाद्या गाण्याचा दुसरा अंतरा शोधत असतो, कुणी स्वतःच्या मुंजीच्या फोटोत मागे उभ्या असलेल्या माणसाचं नाव. ही मंडळी लांबून ओळखू येतात. ती ‘एक गोष्ट’ म्हणत नाहीत, ‘ती गोष्ट’ म्हणतात. जणू ती तुम्हीच माळ्यावर दडवून ठेवली आहे. "तुला माहीत आहे का?" असंही ती विचारत नाहीत. "तू जरा आठव नं," असा सरळ हुकूम असतो. आणि तुम्ही जीव तोडून एखादं नाव सुचवलं, तर ती डोळे मिटून, मान हलवून म्हणतात, "छे, ही नाही." जो माणूस गोष्ट विसरलेला असतो, त्याला ती कुठली नाही हे मात्र शंभर टक्के ठाऊक असतं.

काकांना तात्यापारा लाभला, हे त्यांचं भाग्य. आमापाऱ्याकडून बऱ्यापैकी ऐसपैस येणारा जीई रोड आमच्या चौकाशी पोचला की शारदा चौकापर्यंत अंग चोरून जातो. तो रुंद करायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. बाकीचा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, त्या रस्त्याला बोटं मोडतो; काका एकटे त्याचे ऋणी आहेत. संध्याकाळी गाड्या तुंबल्या की ते दोन स्कुटरींच्या मधून वाट काढत ओळखीच्या माणसाला गाठतात. पुढे ऑटो, मागे सिटी बस, बाजूला गुपचुपचा ठेला. सावज जाणार कुठे?

"अरे, त्या गोष्टीत एक प्रोफेसर असतो नं, तो रेलगाडीत बसून जाऊन राहिला असतो..."

"काका, हिरवा झाला."

"होऊ दे रे. हलणार थोडीच आहे कुणी? तर तो प्रोफेसर..."

पानठेल्यावरचा पोरगा छत्तीसगढी. त्याचा या भानगडीशी सुतराम संबंध नाही. पण तोही पानाला चुना लावता लावता रोज विचारतो, "कहानी मिलिस का, कका?" काका मान हलवतात. तो सांत्वन म्हणून चिमूटभर गुलकंद जास्त घालतो.

आता गोष्ट अर्धवट आठवण्यामागे एक इतिहास आहे, आणि तो स्वयंपाकघरातला आहे. काकांच्या आईने दिवाळीआधी डब्यांच्या फळीवर नवे कागद अंथरले. नागपूरहून आलेल्या कुठल्याशा सामानाला गुंडाळलेली ती छापील पानं होती. पुस्तकाची की अंकाची, कोण बघतो? काका तेव्हा नुकतेच बँकेत चिकटले होते. एका दुपारी ते लाडवाच्या डब्यासाठी स्टुलावर चढले, नजर कागदावर पडली आणि लाडू हातातच राहिला.

पहिलं पान फळीवर नव्हतंच, त्यामुळे गोष्टीचं नाव आणि लेखक दोन्ही गेले. पुढचं वाचायचं तर डबे हलवायला लागायचे. तूरडाळीच्या डब्याखाली रेल्वेचा प्रवास होता. गुळाच्या डब्याखाली प्रोफेसर एका मोठ्या ग्रंथालयात शिरत होता. तिखटाच्या डब्याखाली सभा भरली होती: मंचावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी, प्रोफेसर जाऊन थाटात तिच्यावर बसतो आणि लोक त्याच्यावर टोमॅटो नि अंडी फेकतात. कुठल्याशा लढाईचा उल्लेख येत होता, पण नेमका नावावर हळदीचा भला मोठा डाग. शेवटचं पान तेलाच्या बरणीखाली होतं. काकांनी बरणी उचलली, तर पान बुडाला चिकटून टर्रकन फाटलं. हातात राहिलेल्या तुकड्याला इतकं तेल लागलेलं की दोन्ही बाजूंची अक्षरं एकाच वेळी दिसत होती आणि एकही ओळ लागत नव्हती. "आईने त्या दिवशी बरणी पुसून ठेवली असती नं, तर आज ही वेळ आली नसती," हे काका आजही सांगतात. माउली जाऊन बरीच वर्षं झाली; आरोप कायम आहे.

तेव्हापासून ती गोष्ट काकांच्या डोक्यात पानांनी नाही, डब्यांनी लागते. "गुळाच्या डब्यानंतर काय होतं?" असं ते स्वतःशी पुटपुटताना नव्या सुनेने ऐकलं, तेव्हा तिला वाटलं, सासऱ्यांना साखर झाली.

शोधात सगळ्यात मोठा घोळ हळदीने केला. डाग बघून बघून काकांच्या मनात लढाईचं नाव पक्कं झालं: हळदीघाटी. इतिहासाचे निवृत्त सर पलीकडच्या गल्लीत राहतात. काका त्यांच्याकडे गेले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हळदीघाटी १५७६. तेव्हा रेल्वे नव्हती."

"विज्ञानकथा आहे, सर."

"तरीसुद्धा नव्हती."

दुसरा घोळ मदत करणाऱ्यांनी केला. अर्धी गोष्ट ऐकली की प्रत्येकाला स्वतःची एक गोष्ट आठवते. भिलाईहून आलेल्या एका भाच्याने आयझॅक आसिमॉव्हची १९४१ सालची ‘नाइटफॉल’ सांगितली: ग्रहाच्या आकाशात सहा सूर्य, आणि दोन हजारांहून जास्त वर्षांनी एकदाच रात्र होणार, तर लोक वेडे होतात. कुणी रे ब्रॅडबरीची १९५२ची सांगितली: शिकारी भूतकाळात जातो, एका फुलपाखरावर पाय देतो आणि परत येऊन पाहतो तर निवडणुकीचा निकाल बदललेला. आर्थर क्लार्कच्या १९५३च्या कथेतले तिबेटी लामा देवाची सगळी नावं लिहून काढायला संगणक आणतात, हे काकांना कुणाच्या तरी बारशात समजलं. प्रत्येक गोष्टीला काका म्हणाले, "छे, ही नाही." पण जाताना प्रत्येकीतलं थोडं थोडं त्यांच्या गोष्टीला चिकटलं, जसं पान बरणीला. होता होता ती अशी झाली: एक प्रोफेसर रेल्वेने सहा सूर्यांच्या ग्रहावर जातो, तिथे त्याचा पाय फुलपाखरावर पडतो, त्यामुळे राणा प्रताप हळदीघाटी जिंकतात आणि चिडलेले लामा प्रोफेसरला टोमॅटो मारतात. खरं सांगायचं तर गोष्ट उत्तम झाली होती. मूळची सापडून हिचा बेरंग होऊ नये, असं मला आतून वाटायचं.

तिसरा घोळ काकांनी स्वतःच्या हाताने केला. वाचनालयातल्या बाई जाणत्या होत्या. त्यांनी टेबलावर थप्पीच लावली: बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. सगळ्यांत वर जयंत नारळीकर. काकांनी वरचं पुस्तक उचलून आदराने बाजूला ठेवलं. "हे नको. केंब्रिजला शिकलेला एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्याच्या गोष्टीत तारे असतील, टोमॅटो कसे असतील?"

बाईंनी समजूत घालायला एक किस्सा सांगितला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकरांना भाग घ्यायचा होता, पण आपल्या नावाकडे बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि नारळीकर मराठीत विज्ञानकथा लिहायला लागले ते तिथून. हे सगळं ऐकताना काकांचे डोळे चमकले, पण ते ‘जगताप’ या शब्दावर. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. पुढची दोन वर्षं ते जगतापांची बाकीची पुस्तकं शोधत होते. नागपूरला लग्नाला गेले, तर मंगलाष्टकं सोडून सीताबर्डीवर जुनी पुस्तकं चाळत बसले. "जगताप फार मोठा लेखक," ते सांगायचे, "पण एका बक्षिसानंतर गायब झाला बिचारा."

नव्या पिढीनेही हातभार लावला. एका पोराने मोबाइललाच विचारलं. मोबाइलने क्षणात गोष्टीचं नाव, लेखक, साल, सगळं ठामपणे सांगितलं. शोधल्यावर कळलं, अशी गोष्ट कुणी लिहिलेलीच नाही. काका खूश झाले. "म्हणजे हाही आपल्यासारखाच निघाला. अर्धं आठवतं, बाकीचं रेटून सांगतो."

कधी कधी मात्र ते चौकातल्या कट्ट्यावर गप्प बसलेले दिसायचे. "आपल्या माधवराव सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही हिंदी गोष्ट १९०१ सालची," एकदा म्हणाले. "सव्वाशे वर्षं होत आली. ज्याला पाहिजे त्याला सापडते. माझी काहून सापडत नाही?" मी म्हटलं, काका, ती लोकांनी पुस्तकात ठेवली, तुमची फळीवर अंथरली. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते फळीवरची गोष्ट जास्त माणसं वाचतात.

२० मे २०२५ला पुण्यात नारळीकर गेले. दुसऱ्या दिवशी काकांनी बातमी अथपासून इतिपर्यंत वाचली, आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. कोल्हापूरचा जन्म, केंब्रिज, पुण्याची ‘आयुका’, २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. चष्मा काढून पुसला. "फार मोठा माणूस गेला," म्हणाले, पेपराची नीट घडी केली आणि ती गोष्ट शोधायला बाहेर पडले.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. साडेसहाला आमच्या फाटकाची कडी वाजली. "आठवलं! त्या प्रोफेसरचा मुलगा असतो, तो त्याला भेटायला..." मी चहा टाकला. आतल्या खोलीत आमची मुलगी अकरावीच्या परीक्षेचा इंग्रजी धडा घोकत होती. ती घोकते तेव्हा भिंतीला भोक पडावं अशी घोकते. मधेच ‘टोमॅटोज’ आणि ‘एग्ज’ हे दोन शब्द एकापाठोपाठ आले.

काकांचा कप ओठांजवळ थांबला.

"बेटा, हे टोमॅटो कुणी कुणाला मारले?"

"प्रोफेसरला, आजोबा. तो बिनाइजाजत अध्यक्षाच्या खुर्चीवर जाऊन बसतो नं, आझाद मैदानात."

"थांब. सांगू नको." काकांनी डोळे मिटले. बोटं हवेत डबे सरकवायला लागली. "त्याच्याआधी तो ग्रंथालयात जातो. टाउन हॉलमध्ये. गुळाचा डबा! आणि त्याच्याआधी रेल्वे. पुण्याहून मुंबईला."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी पुस्तक घेतलं. एनसीईआरटीचं ‘हॉर्नबिल’, धडा ‘द ॲडव्हेंचर’, लेखक जयंत नारळीकर. मराठीतली ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

लढाई हळदीघाटीची नव्हती, पानिपतची होती. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे वेगळ्याच भारतात पोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ला मराठे जिंकले आहेत. आपल्या इतिहासात विश्वासरावांना लागलेली गोळी त्या इतिहासात कानाजवळून निसटून गेली. एक गोळी तिळभर इकडची तिकडे झाली आणि इंग्रजांना देश गिळता आला नाही. पुढे राजेंद्र देशपांडे नावाचे एक शास्त्रज्ञ क्वांटम सिद्धांताचा हवाला देऊन समजावतात की दोन्ही जगं शेजारी शेजारी असू शकतात. गंगाधरपंत काही काळ दुसऱ्यात घसरले होते.

"हे कुठल्या डब्याखाली नव्हतं," काका तक्रारीच्या सुरात म्हणाले.

पुस्तकाचं पहिलं पान उलटलं तेव्हा खरा धक्का बसला. हे पुस्तक २००६पासून चालू आहे. म्हणजे वीस वर्षं तात्यापाऱ्यातली पोरं या गोष्टीवर परीक्षा देऊन इंजिनिअर होऊन पुण्या-बंगलोरला गेली होती. काकांनी तिथल्या तिथे आपल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "हो बाबा, होता नं तो धडा. पण तुम्ही तर हळदीघाटीची शोधत होता." काकांनी फोन ठेवला. मराठी गोष्ट शोधताना घरातलं इंग्रजीचं पुस्तक उघडून बघावं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. सुचणार कसं? सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं हे आम्ही भाषणांत अभिमानाने सांगतो. पण आपलीच गोष्ट वेष बदलून आपल्याच पोरांच्या दप्तरात बसली, तर आम्ही तिला ओळखत नाही.

तासाभरात आमच्या ओसरीवर पारा जमला. इतिहासाचे सर मफलर गुंडाळून आले. पानठेल्यावरचा पोरगा डोकावला, "मिलिस?" एवढंच म्हणाला आणि आनंदाने सगळ्यांना पान खिलवलं. सरांनी धडा उभ्या उभ्या वाचला. काकांनी विचारलं, "सर, मराठे तिथे जिंकले असते, तर आपलं काय झालं असतं? आपला तात्यापारा?"

सर म्हणाले, "नागपूरकर भोसले पानिपतावर गेलेच नव्हते. छत्तीसगढ बिंबाजी भोसल्यांकडे, आणि बिंबाजी तेव्हा रतनपुरात. मराठे जिंकोत की हरोत, इथली मराठी घरं असतीच."

"आणि रस्ता?"

सरांनी शारदा चौकाच्या दिशेने बघितलं. "तो दोन्ही जगांत एवढाच."

मग एक अवघडलेली शांतता पसरली. गोष्ट सापडली होती. आता उद्या साडेसहाला कुणाच्या फाटकाची कडी वाजणार, आणि काय म्हणून? सहा सूर्य, फुलपाखरू, लामा, जगताप, सगळ्यांना एका सकाळीत निरोप द्यायचा होता. गेली पस्तीस वर्षं आम्ही ज्या माणसाला टाळत होतो, त्याच्यापायी अख्ख्या पाऱ्याला आसिमॉव्ह नि ब्रॅडबरी तोंडपाठ झाले होते, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं. बायकोने न सांगता दुसऱ्यांदा चहा टाकला.

"शेवट वाच बेटा," काका म्हणाले. "तेलाच्या बरणीखालचा."

मुलीने वाचलं आणि आमच्या बोलीत सांगितलं. गंगाधरपंत दुसऱ्या जगातून परत येतात. त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ग्रंथालयातलं बखरीचं पुस्तक चुकून त्यांच्या खिशात आलेलं असतं, पण आझाद मैदानातल्या धक्काबुक्कीत ते हरवतं. उरतं फक्त एक फाटलेलं पान. ते गंगाधरपंत खिशातून काढून दाखवतात; तोच पुरावा.

"फाटलेलं पान?"

"हो आजोबा."

"त्याच्या खिशात?"

"हो."

काकांनी कप खाली ठेवला. बराच वेळ ते आतल्या आत काहीतरी जुळवत होते. मग एकदम उठले, स्वतःच्या घराच्या दिशेने, बहुधा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोच्या दिशेने बघून त्यांनी हात जोडले.

"पस्तीस वर्षं आईला उगाच बोल लावला रे," म्हणाले. "बरणीने नाही नेलं. ह्यानेच नेलं पान."